इंदूताईंचा रंधा

इंदूताईंच्या दशक्रियेला नीरेच्या घाटावर माईक लावला होता. माझी सगळी नोकरी भोर डेपोत वाहतूक नियंत्रक म्हणून माईकवर ओरडण्यात गेली, त्यामुळे माईकसमोरचा माणूस खोटं बोलायला लागला की मला पहिल्या वाक्यातच कळतं. आधी एका पुढाऱ्याने 'वेल्ह्याच्या डोंगरदऱ्यांतली आरोग्यदूत' वगैरे म्हणून घेतलं. ते एक वेळ चालवून घेतलं. मग ताईंचे धाकटे भाऊ सोपानराव उभे राहिले. पांढराशुभ्र शर्ट, हातात घडी घातलेला रुमाल. म्हणाले, "आक्का लई शांत. कदी कुणाला चढ्या आवाजात बोलली न्हाई. आन् जाता जाता आमच्या बाबांची हत्यारं राजीखुशीनं माज्या घरी सोपवून गेली."

मी उठलो. कुणीतरी माझा सदरा धरला, तो सोडवून घेतला आणि चपलांच्या ढिगात पाय घालून तडक घाट चढून घरी आलो. आल्यावर पाहिलं तर एक चप्पल माझी होती आणि एक दुसऱ्याच कुणाची.

शांत म्हणे! आमच्या कॉलनीत इंदूताईंचा आवाज भोंग्याच्या जागी चालायचा. सकाळी त्यांनी दूधवाल्यावर तोंड सोडलं की लोक आपापली घड्याळं लावून घ्यायचे. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं, हे मला मान्य आहे. पण चांगलं म्हणजे गुळगुळीत, असं कुणी सांगितलं? ताई रागीट होत्या. त्यांचा राग हीच त्यांची सगळ्यात चांगली गोष्ट होती, आणि तीच सोपानरावांनी माईकवर पुसून टाकली. हत्यारांचं तर विचारूच नका. ती कशी सोपवली गेली ते पाहायला मी त्या घरात हजर होतो.

ताई मूळच्या वरवे बुद्रुकच्या, सुताराघरच्या. लग्न होऊन भोरला आल्या, नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. वेल्ह्याकडच्या उपकेंद्रांमध्ये नर्स म्हणून सगळी नोकरी काढली आणि निवृत्त झाल्यावर आमच्या शेजारच्या दोन खोल्यांच्या घरात कायमच्या राहायला लागल्या. बुटक्या, रुंद खांद्यांच्या, पांढरे केस घट्ट ओढून बांधलेले. मला कधी नावाने किंवा भाऊ म्हणून हाक मारली नाही. "ओ कंट्रोलर!" अशी कुंपणावरून आरोळी यायची आणि मी हातातला घास ठेवून उठायचो, कारण न उठण्याचे परिणाम मला माहीत होते.

निवृत्तीनंतरचं त्यांचं पहिलं वर्ष वाईट गेलं. रोज कुणावर तरी तोफ डागलेलीच. नगरपालिकेच्या नळावर, टीव्हीवर, माझ्या बायकोने वाळत घातलेल्या पापडांवर. मला वाटायचं, बाईला एकटेपणा खातोय. माझ्या बायकोला वाटायचं, साखर वाढली असेल. दोघांचंही चुकत होतं. ते कळलं न्हाणीघराच्या दारामुळे.

पावसाळ्यात ते दार फुगलं. भोरचा पाऊस लाकडाला सोडत नाही. दार धड लागेना, धड उघडेना. ताईंनी सुताराला सांगितलं. सुतार म्हणाला, उद्या येतो. सुतारांच्या त्या 'उद्या'ला कुठल्याच पंचांगात तारीख नसते. ताई रोज फोन करायच्या, रोज तो 'निघालोच' म्हणायचा. शेवटी एक दिवस आतून कडी अडकली आणि ताई तासभर न्हाणीघरात कोंडल्या गेल्या. मी बाहेरून खांदा लावून दार उघडलं. ओल्या लुगड्याने त्या बाहेर आल्या, दाराकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "कंट्रोलर, बाजारात जावा. एक रंधा आना. आन् इचारत बसू नका."

मी आणला, बाजारात मिळाला तसला, लोखंडी, पत्र्याच्या डब्यासारखा वाजणारा. तोवर ताईंनी दार बिजागऱ्यांपासून सोडवून अंगणात दोन स्टुलांवर आडवं केलं होतं. पदर खोचला, दाराच्या काठावरून तळहात फिरवला, मग रंधा टेकवला आणि ढकलला. पहिल्यांदा अडकला. त्यांनी दार फिरवून घेतलं आणि दुसऱ्या बाजूने लावला. लाकडाची एक पातळ, लांब साल रंध्यातून वळत वळत वर आली आणि त्यांच्या मनगटावर बसली.

ताई हसल्या. शेजारी राहून इतकी वर्षं झाली होती, पण ही बाई हसते हे मला ठाऊक नव्हतं. हसता हसता त्यांचे डोळे भरले आणि लगेच त्या माझ्यावर ओरडल्या, "काय बगताय? धरा तिकडनं!"

त्या दिवशी दार धरून उभा असताना मला सगळं ऐकायला मिळालं. लहानपणी ताई वडिलांच्या हाताखाली काम करायच्या. सोपानराव तेव्हा झोळीत होते. मोठ्या करवतीचं एक टोक वडिलांकडे, दुसरं इंदूकडे. रंधा, पटाशी, गिरमिट, सगळं हाताला बसलेलं. मग ताई शहाण्या झाल्या, आणि त्या दिवसापासून वडिलांनी हत्यारं त्यांच्यापासून लांब ठेवली. वयात आलेल्या मुलीने सुताराच्या हत्याराला शिवायचं नाही, असा त्यांच्या घरचा नेम. कारण कुणी सांगितलं नाही आणि ताईंनी विचारलं नाही.

"मग मी शिवलंच न्हाई," ताई म्हणाल्या. "वेल्ह्याला उपकेंद्रात बाळंतपणाचं टेबल व्हतं. त्याचा एक पाय डुगडुगायचा. एका हातानं बाई धरायची, दुसऱ्या हातानं टेबल. दुरुस्तीला सुतार मंजूर व्हायचा, यायचा न्हाई. आन् मला येत व्हतं ओ! एक पाचर मारायची व्हती. एक! पन हात बांदून ऱ्हायले. बाई वरडतीय, टेबल हालतंय, आन् सुताराची पोर हात बांदून!"

हे सांगताना त्यांनी रंधा इतक्या जोरात मारला की काठ गरजेपेक्षा जास्त गेला. त्या दारात पुढे कायम बोटभर फट राहिली. ती फट त्यांनी कधी बुजवली नाही. पाहुणा न्हाणीघरात गेला की सगळ्यांनी दुसऱ्या खोलीत जायचं, असा त्या घरचा नवा नेम झाला.

दारापासून त्या सुटल्याच. स्वयंपाकघरातली पत्र्याची मांडणी काढून लाकडी केली. माळ्यावर चढायला शिडी केली. पुढच्या खिडकीची प्लास्टिकची झडप उखडून अंगणात फेकली आणि कुणाच्या तरी पडलेल्या घराचं जुनं सागवान आणून नवीन झडप बसवली. कामाची पद्धत मात्र नर्सची. मापाला दवाखान्यातली कापडी पट्टी. सांध्यात गम भरायला इंजेक्शनची सिरिंज. सांध्यावर पट्टी आवळून त्यावर तारीख घालायच्या, आणि मी चुकून हात लावला की, "टाका हालला तर जखम उगडंल!" म्हणून अंगावर यायच्या. कॉलनीत कुणी कशावरही तावातावाने बोलायला लागलं, मग ते राजकारण असो की भाजीतलं मीठ, की ताईंचं एकच वाक्य, "आदी माप, मग मत." माझ्या मुलाच्या लग्नाच्या बोलणीतसुद्धा त्या हे बोलल्या आणि व्याह्यांना त्याचा अर्थ विचारायचं धाडस झालं नाही.

लोकांना हे सगळं पाहून मौज वाटली, आणि मला लोकांचा राग यायला तिथून सुरुवात झाली. "ताईंना छान टाईमपास मिळाला," असं म्हणायचे. पुरुष रिकामपणी दिवसभर पारावर बसून तंबाखू मळतो तो टाईमपास नाही. बाईने दार केलं की तो टाईमपास! महिला दिनाला आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याने त्यांचा सत्कार ठरवला. फ्लेक्सवर ताईंचा फोटो बोटभर आणि पुढाऱ्याचा पुरुषभर. शाल, नारळ आणि एक चकचकीत स्मृतिचिन्ह. ताईंनी ते चिन्ह उलटं केलं, नखाने तळ खरवडला. आत दाबलेला भुसा. माईक हातात घेऊन म्हणाल्या, "ह्यो भुसा हाय. वरनं कागद चिकटावलाय. तुमच्या अंगणवाडीच्या दाराला कडी न्हाई, पोरं दोरीनं दार बांदत्यात. मी दोनदा म्हनलं, मला किल्ली द्या, मी बशिवते. तुमी म्हनला बाईमानूस कशाला तरास घेती. आता सत्काराला बरं बाईमानूस चाललं?"

टाळ्या वाजवाव्यात की नाही हे न कळल्याने निम्म्या लोकांनी वाजवल्या. दुसऱ्या दिवशी ताईंना अंगणवाडीची किल्ली मिळाली. शालीचा मात्र त्यांनी पॉलिशला बोळा करून पाहिला आणि दोन मिनिटांत फेकून दिला. "कापूस न्हाई. पॉलिशलासुदा नालायक."

बाजारच्या रंध्यावर त्यांचं समाधान होत नव्हतं. धार टिकत नव्हती. हात सारखा बाबांचा रंधा मागायचा, असं त्या म्हणायच्या. वडिलांची हत्यारं वरव्याला सोपानरावांकडे होती. आता सोपानराव काही सुतारकाम करत नव्हते. हायवेला त्यांचं फर्निचरचं मोठं दुकान. सोफे, कपाटं, सगळं तयार येतं, टेम्पोतून उतरतं, टेम्पोत चढतं. त्यात वाईट काही नाही, धंदा आहे. हत्यारं घरात देवघरापाशी एका पेटीत असायची आणि वर्षातून एकदा, खंडेनवमीला, बाहेर यायची.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला ताईंनी मला गाडी काढायला लावली. कापूरहोळवरून हायवेला लागेपर्यंत त्या गप्प होत्या. ताई गप्प म्हणजे मला धडकी भरली.

सोपानरावांचं घर माणसांनी भरलेलं. पाट मांडलेला, रांगोळी, झेंडूच्या माळा. सोपानराव सोवळं नेसून बसले होते. त्यांच्या मागे त्यांची बायको शेवंताबाई, पन्नाशीची, वाळक्या अंगाची, डोक्यावरून पदर, ताटात हळदकुंकू धरून उभी. सोपानरावांनी पेटीतून लाल फडक्यातलं गाठोडं काढलं आणि सोडलं. रंधा, पटाश्या, वाकस, गिरमिट पाटावर मांडलं. मग तांब्यातलं पाणी घातलं. मग पंचामृत. मग हळद, कुंकू, फुलं. आरती झाली. मग ते सगळं तसंच ओलं फडक्यात गुंडाळायला घेतलं.

"थांब," ताई म्हणाल्या.

पुढे जाऊन त्यांनी रंधा उचलला. खोलीत सगळ्यांनी एकदम श्वास घेतला. ताईंनी पातं खेचून पाहिलं, ते निघेना. लाकडात गंजून बसलं होतं. पटाशीच्या टोकाला त्यांनी बोट लावलं तर पापुद्रा सुटून हातात आला.

"हे कदी पुसलं व्हतं?"

शेवंताबाई हळूच म्हणाल्या, "वन्सं, पूजा पुसत न्हाईत. देवाचं तीर्थ वर्सभर अंगावर ऱ्हाऊ द्यायचं. ओल्यावरच फडकं बांदायचं, आसंच सांगितलंय आमाला."

मी पाहत होतो. ताईंचा चेहरा तांबडा झाला, मग पांढरा पडला. दरवर्षी न चुकता, निष्ठेने, त्या घराने लोखंडाला दूध, दही, मध आणि पाणी पाजलं होतं आणि ओल्या फडक्यात बांधून पेटीत ठेवलं होतं. हत्यारं वापरून झिजली असती तर ताईंना वाईट वाटलं नसतं. ती पूजेने मेली होती.

"सोपाना," ताई म्हणाल्या, आणि तो आवाज हायवेच्या पलीकडे गेला असणार. "आरं बापाचं हत्यार हाय का मढं? दर वर्साला दूध घालतोस आन् कुजवतोस! एकदा तरी धार लावली? एकदा तरी तेलाचा हात फिरवला? चोरानं नेली आसती तर बरं झालं आसतं, त्यानं वापरली आसती!"

सोपानराव उठले. सोवळ्यात माणसाला ओरडताही येत नाही नीट. "आक्का, खाली ठेव. बाईमानसानं शिवू नये. बाबांचा नेम हाय."

"बाबांनी ह्यो रंधा माज्या हातात दिला, तवा तू झोळीत मुतत व्हतास!"

"आन् काढून कुनी घेतला? बाबांनीच ना?"

हे बरोबर होतं, आणि बरोबर होतं म्हणूनच ताई जास्त भडकल्या. एक क्षण मला वाटलं, त्या रंधा सोपानरावांच्या डोक्यात घालणार. त्यांनी तो पाटावर आपटला, सगळी हत्यारं फडक्यात गोळा केली, फुलांसकट, आणि गाठ मारली. भावकीतले दोघंतिघं दारात आडवे आले. "आजच्या दिशी हत्यार घराभाईर जात न्हाई. कुळाला लागंल."

"लागू दे. मला लागू दे. मी नर्स हाय, माजं मी बगीन."

सोपानराव म्हणाले, "न्हे. पर एक ध्यानात ठेव आक्का. तुजा हात चालतोय तवर. हात थांबला की हत्यारं ह्या घरात माघारी येनार. ती कुळाची हायेत. ह्या सगळ्यांच्या म्होरं सांगतो."

ताईंनी मान हलवली. "हात थांबला की ये."

गाडीत त्यांनी गाठोडं मांडीवर घेतलं. चेलाडी फाट्यापर्यंत शिव्या दिल्या. पुढे रडल्या. मी हॉर्न वाजवत राहिलो, मला दुसरं काही सुचेना.

ती हत्यारं जिवंत करायला अख्खा हिवाळा गेला. डिझेलमध्ये भिजत घालायची, घासायची, परत भिजत घालायची. डेपोतून डिझेल आणा म्हणून ताईंनी माझ्याशी तीन वेळा भांडण काढलं; सरकारी डिझेल देता येत नाही हे त्यांना पटलं नाही, शेवटी मी पंपावरून बाटलीत आणलं. पात्याला दगडावर धार लावताना त्या माझ्या बायकोलासुद्धा जवळ येऊ देत नसत. आणि मग एक दिवस कुंपणावरून आरोळी आली. गेलो तर रंधा चालत होता. आवाजच वेगळा. बाजारचा रंधा खरवडायचा, हा फुंकर घातल्यासारखा जात होता. ताईंनी साल उचलून उजेडाला धरली. तिच्यातून पलीकडचा पेरू दिसत होता. मग मला चहा दिला. ताईंकडून चहा मिळणं म्हणजे काय, हे कॉलनीत कुणालाही विचारा.

उन्हाळ्यात शेवंताबाई आल्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, डोळ्यांत थेंब घालायचे होते. नणंद नर्स, म्हणून सोपानरावांनीच एसटीत बसवून दिलं. थेंब घालायला मिनिट लागतं. शेवंताबाई संध्याकाळच्या गाडीपर्यंत थांबायच्या. पहिले काही दिवस नुसत्या बसून पाहायच्या. मग एकदा ताई म्हणाल्या, "बगतीस काय? धर."

"नगं वन्सं. आमी शिवत न्हाई."

"तीस वर्सं तूच घासूनपुसून ताट मांडलंस, तूच फडकं बांदलंस. गुंडाळताना शिवलं तर चालतंय, आन् चालवताना इटाळ व्हय? धर म्हनते ना!"

शेवंताबाईंनी धरलं. पहिली वस्तू काय करणार म्हणून ताईंनी विचारलं तर त्या म्हणाल्या, पोळपाट. सासूबाईंचा पोळपाट एका बाजूला झुकलेला होता. लग्न होऊन आल्या दिवसापासून पोळी त्यावरून सरकायची आणि वेडीवाकडी झाली म्हणून बोलणी शेवंताबाईंना बसायची. "दुकानात शंभर टेबलं हायेत," त्या म्हणाल्या, "पर मला एक सपाट पोळपाट कुनी दिला न्हाई." हे त्या इतक्या हळू म्हणाल्या की ताईंच्या सगळ्या ओरड्यापेक्षा मला तेच जास्त लागलं.

थेंबांचा कोर्स संपला तरी डोळे बरे होईनात. सोपानराव म्हणायचे, ऑपरेशन बिघडलं वाटतं. डोक्यात भुसा घेऊन शेवंताबाई घरी जायच्या आणि त्यांच्या नवऱ्याला, ज्याचा धंदा लाकडाचा, तो भुसा ओळखू येत नव्हता. मी आणि ताई यावर पोट धरून हसलो आहोत.

पुढच्या खंडेनवमीला वरव्याला जायची वेळच आली नाही. त्याआधी ताईंना झटका आला. उजवी बाजू गेली. पुण्याला ठेवलं, मग घरी आणलं. जीभ जरा जड झाली, पण शिव्या स्पष्ट यायच्या. उजवा हात मात्र चादरीवर पडून असायचा, आणि त्या त्याच्याकडे असं पाहायच्या की मला तिथे बसवत नसे. शेवंताबाई आता सरळ राहायलाच आल्या. नणंदेची सेवा म्हटल्यावर कुणी आडवं येणार नव्हतं.

सोपानराव भेटायला आले. मोसंबी आणली, देवाचा अंगारा लावला, खऱ्या मायेनं पाय चेपले. त्यांची माया खोटी होती असं मी म्हणणार नाही. पण उठताना म्हणाले, "आक्का, हात थांबला की यायचं ठरलं व्हतं. सोमवारी टेम्पो घिऊन येतो. हत्यारं हितं धूळ खाऊन काय करायची?"

ताई काहीच बोलल्या नाहीत. मला वाटलं, संपलं. मी त्यांच्यावरच मनातून संतापलो. ओरडा की! एवढ्या तेवढ्यावर कॉलनी डोक्यावर घेणारी बाई, आणि खऱ्या वेळेला गप्प! आणि सोपानरावांचा तर इतका राग आला की मी त्यांना फाटकापर्यंतही सोडायला गेलो नाही. पडलेल्या बाईच्या उशाशी बसून मोसंबी सोलता सोलता तिचं सगळं घेऊन जायचं, ही कुठली रीत?

सोमवारी सकाळी मी मुद्दाम ताईंकडे जाऊन बसलो. काय करणार होतो ते मला ठाऊक नव्हतं, टेम्पोपुढे आडवा पडण्याची तयारी होती. ताईंची खाट मधल्या दाराशी ओढून घेतलेली. पलीकडच्या खोलीत, दारातून येणाऱ्या उन्हात, शेवंताबाई कामाच्या फळीवर एक सागवानी चौकट घेऊन उभ्या होत्या. पदर कमरेला खोचलेला, डोकं उघडं. त्यांच्या वरव्याच्या घरी स्वयंपाकघराच्या खिडकीची झडप मोडली होती, आणि लोकांच्या घरी कपाटं पोचवणाऱ्या माणसाने तिथे पोतं बांधून ठेवलं होतं. तिथली नवी झडप करणं चाललं होतं. रंधा मारला की ताई डोळे मिटून आवाज ऐकायच्या आणि खाटेवरून कडाडायच्या.

"दाब कमी! लाकूड हाय, नवरा न्हाई!"

रंधा परत जायचा.

"मनगाट सरळ! आगं मुडदा बशिवला तुजा, मनगाट!"

टेम्पो आला. सोपानराव एकटेच आत आले, मागच्या अंगणाच्या दारातून, आणि उंबऱ्यात थबकले. त्यांची बायको बोडक्या डोक्याने त्यांच्या बापाचा रंधा मारत होती. केसांत, पापण्यांवर, नाकावर भुसा. त्यांना एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तो दिसला असावा.

"शेवंता! काय चाललंय हे?"

शेवंताबाईंचे हात थांबले. त्यांनी वळून ताईंकडे पाहिलं.

"आक्का, हे काय?" सोपानराव इकडे वळले. "हात थांबला की हत्यारं माघारी येनार, आसं ठरलं व्हतं."

"माजा थांबलाय," ताई म्हणाल्या. जिभेला जोर लावून, एकेक शब्द ठोकत. "हिचा न्हाई. हत्यारं हिची. पायजे तर हिला माग."

सोपानराव बायकोकडे पाहत राहिले. मागायचं कसं, हे त्या माणसाला येत नव्हतं. उभ्या संसारात तशी वेळच आली नव्हती. बाहेर टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला.

शेवंताबाईंनी पदर हातात घेतला. मला वाटलं, आता डोक्यावर घेणार. त्यांनी त्याने तोंडावरचा भुसा पुसला आणि तो परत कमरेला खोचला.

"अवो," त्या म्हणाल्या, "उजेड आडतोय. जरा बाजूला सरा."

सोपानराव सरकले. ऊन चौकटीवर पडलं. शेवंताबाईंनी काठावरून तळहात फिरवला, रंधा टेकवला आणि ढकलला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, न थांबता. ताई डोळे मिटून ऐकत होत्या. त्या आता काय ओरडतात म्हणून आम्ही तिघेही थांबलो होतो.

"हां," ताई म्हणाल्या, तेही रागावूनच. "आता कळलं भवानीला."